तानक्काचा वजीर

मला राग आला की आधी कान लाल होतात, तोंड नंतर सुटतं. आमची प्रेमा म्हणते, एक्केचाळीस वर्षं संसार केला तो या माणसाच्या कानांकडे बघून. त्यात माझा फारसा दोष नाही. बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं मी तपासणी खात्यात काढली. केसाएवढी चूक असलेला भाग परत पाठवायचा आणि वर चार शब्द सुनावायचे, याचाच पगार मिळायचा. निवृत्त झालो, पगार थांबला, शब्द थांबले नाहीत.

ते आता आमच्या रविवार बुद्धिबळ मंडळाच्या वाट्याला येतात. बसवनगुडीतल्या एका मंगल कार्यालयाच्या माडीवर आम्हाला खोली मिळाली आहे. सोळा पट, बत्तीस खुर्च्या, आणि कार्यवाह म्हणून मी, दामोदर. सगळे दामूअण्णा म्हणतात. पूर्वी निम्म्या खुर्च्या रिकाम्या असायच्या. गेल्या दोन-तीन वर्षांत या शहराला बुद्धिबळाचं असं काही वेड लागलं की आमच्या दारात बावीस जणांची यादी लागली. मग मी नियम केला. बारा रविवारांचा एक हंगाम, दर रविवारी एक डाव, जिंकला तर एक गुण. हंगामाअखेर ज्याचे तीन गुणही होत नाहीत त्यानं खुर्ची सोडायची. नियम मीच टाइप केला, मीच भिंतीला चिकटवला आणि दोन दिवस मीच स्वतःवर खूश होतो.

तानूबाई आमच्याकडे आली ती या यादीच्या आणि नियमाच्या थोडं आधी. खाली लग्न होतं. चिकपेटच्या ज्या घाऊक साड्यांच्या दुकानात ती कामाला आहे, तिथून आहेराच्या साड्या पोचवायला ती आली होती. जिन्यात तिला सोंगट्यांचा आवाज ऐकू आला. वर येऊन दारात उभी राहिली. पंचावन्न-साठीची, काटक, गडद इरकल साडी, कपाळाला काही नाही. तासभर उभीच. शेवटी मी विचारलं, "काय हवंय बाई?"

"मी खेळतो," ती म्हणाली. ती निपाणीकडची. तिकडच्या कितीतरी बायकांसारखी स्वतःला 'मी येतो, मी जातो' म्हणायची सवय. "बसू काय?"

एका पटावर समोरचा गडी आला नव्हता म्हणून बसवली. बारा खेळ्या ती अशी खेळली की आजूबाजूच्या दोन पटांवरचे लोक माना वळवून बघायला लागले. तेराव्या खेळीला तिनं आपला वजीर समोरच्याच्या उंटाच्या तोंडात नेऊन ठेवला आणि शांतपणे घड्याळ दाबलं. उंटानं वजीर खाल्ला. तिचा उजवा हात हरकत घेतल्यासारखा थोडा वर उठला आणि परत मांडीवर गेला. तासाभरात ती हरली. "पुढल्या रविवारी येतो," एवढंच म्हणून जिना उतरली.

आणि आली. दर रविवारी येत राहिली. पंधरा दिवसांत सगळ्यांची तानक्का झाली. पण नवा हंगाम सुरू झाला तरी तोच प्रकार. सुरुवात अशी सुंदर की वाटावं ही बाई सोळाही पट एकटी खेळेल. मग मध्येच कुठेतरी वजीर, नाहीतर हत्ती, समोरच्याच्या ताटात वाढून मोकळी. दर वेळी तो हात तसाच थोडा वर उठे आणि खाली जाई. पहिला रविवार, दुसरा, तिसरा. माझ्यासारख्या माणसाला हे बघणं म्हणजे काय शिक्षा आहे, ते तपासणी खात्यात काम केलेल्यालाच कळेल. अडाणी माणूस हरला तर त्याची कीव येते. येत असून जो रोज तीच चूक करतो, त्याचा संताप येतो.

मी उपाय केले. कोडी दिली सोडवायला. एका कार्डावर कन्नडमध्ये आणि मराठीत लिहून दिलं: 'चाल करण्याआधी बघा, कोण मारतंय?' तिनं ते कार्ड घड्याळाला टेकवून ठेवलं आणि त्याच्यासमोरच वजीर घालवला. पालथ्या घड्यावर पाणी.

सहाव्या रविवारी तिचा डाव सुहासशी होता. सुहास हेब्बाळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर आहे, फोनवर रोज पन्नास डाव खेळतो. तानक्कानं त्याला असं जखडलं होतं की तो फोन बघायचा विसरला. एका हत्तीनं पुढे होती ती. मी मुद्दाम येऊन मागे उभा राहिलो. तिनं वजीर उचलला आणि नेमका त्याच्या हत्तीपुढे ठेवला.

माझे कान तापले. "तानक्का," मी सगळ्यांदेखत म्हणालो, "डोळे घरी ठेवून येता का? बाहेर बावीस लोक उभे आहेत या खुर्चीसाठी. सहा रविवार झाले, शून्य गुण. शिकायचं नसेल तर सांगा, मी आजच नाव खोडतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं, नजर क्षणभर माझ्या कानांवर गेली. मग तिनं खाली बघून उरलेला डाव खेळून संपवला, हरली, सुहासशी हात मिळवला. जाताना माझ्याजवळ थांबली. "अण्णा, नाव खोडू नगा. चाळीस वर्षं समोर बसाया माणूस नव्हता."

घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. प्रेमानं विचारलं तर मी तिच्यावरच खेकसलो.

त्याच आठवड्यात भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला प्रेमानं मला चिकपेटला ओढून नेलं. गुरुवार होता. नॅशनल कॉलेजहून मेट्रोनं दोनच स्टेशनं, पण वर आल्यावर जी गर्दी, त्यात पाऊल टाकायला मला नेहमीच जिवावर येतं. प्रेमा तीन दुकानं फिरली आणि चौथ्यात, गिरीराज नावाच्या मालकाच्या घाऊक दुकानात, पांढऱ्या गादीवर फतकल मारून बसली. मी पाठ टेकायला जागा शोधत आत पाहिलं तर साड्यांच्या गठ्ठ्यांमागे तानक्का.

तिनं मला पाहिलं नव्हतं. विणकरांकडून आलेली एकेक साडी ती उलगडत होती. काठ, पदर, मग अंग. बोटांची टोकं कापडावरून सरकत जात. मध्येच थांबत नव्हती, बोलत नव्हती. एक कॉफी संपेपर्यंत तिनं अकरा साड्या बघितल्या, नऊ घडी घालून ठेवल्या आणि दोन बाजूला टाकल्या. मला राहवेना. त्या दोनपैकी एक मी उचलली. चौतीस वर्षांचा तपासनीस मी, चष्मा लावून, उजेडात धरून, पाच मिनिटं शोधलं. काही सापडलं नाही.

"उलटी करा अण्णा," ती म्हणाली. केव्हापासून बघत होती कोण जाणे. तिनं कापड उलटं केलं आणि बोट ठेवलं. बोटभर लांबीचा एक धागा तुटून मागच्या मागे लोंबत होता. "सुलटी बाजू गिऱ्हाइकासाठी. चूक उलट्या बाजूला दिसती."

गिरीराज गल्ल्यावरून म्हणाला, "सार, वीस वर्षांत या अक्कांच्या हातून एक खराब साडी बाहेर गेलेली नाही."

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. "मग पटावर काय होतं तुम्हाला?" मी म्हणालो. "इथं एक धागा सुटत नाही, तिथं अख्खा वजीर सुटतो?"

तिनं साडीची घडी पूर्ण केली. "तितं हरकत घ्यावी वाटती. पण घेत न्हाई."

"कसली हरकत?"

"माझा वजीर जोरात असतो, तरी मारत्यात."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. जोर म्हणजे आधार, तेवढं ठाऊक होतं. एखाद्या सोंगटीच्या मागे आपली दुसरी सोंगटी राखायला उभी असली की ती जोरात. पण म्हणून समोरचा मारायचा थोडाच थांबतो? घोड्यानं राखलेला वजीर उंटानं मारला, घोड्यानं उंट मारला, तरी नुकसान वजिराचं. हे मी तिला समजावायला लागलो.

"ते ठाऊक हाय," ती म्हणाली. "पर आमच्या घरी जोरातल्या सोंगटीला हात लावत नव्हते."

मग तिनं सांगितलं. तिचे वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत होते. दुपारच्या सुट्टीत ती भाकरी घेऊन जायची, आणि जेवण झालं की बापलेक पोत्यावर पट मांडायचे. त्यांच्या घरच्या डावाचा हा नियम होता. जी सोंगटी जोरात, तिला मारायचं नाही. आधी तिचा जोर काढायचा, मागची सोंगटी हलवायला लावायची, आणि मग मारायचं. राखलेल्याला मारणं तिच्या वडिलांना भ्याडपणाचं वाटे. सात वर्षांची असल्यापासून लग्नापर्यंत ती असं खेळली. मग नवऱ्याबरोबर बंगळूरला आली. वडील गेले, नंतर नवराही गेला. इथं कुणी समोर बसलं नाही.

"मुंडी म्हणती, हितं मारत्यात, संभाळ," ती म्हणाली. "डोळा म्हणतो, जोर हाय, सोड. डोळा आदी पोचतो अण्णा. काय करू?"

मी गठ्ठ्यावर बसलो. सहा आठवडे मी या बाईला निष्काळजी समजत होतो. बारीक सोंगट्यांची अदलाबदल झाली तर तिची सवय कुणाला दिसत नव्हती, कारण त्यात कुणाचं काही जात नाही. दिसायची ती फक्त वजिराच्या आणि हत्तीच्या वेळी. ती चुकत नव्हती. कारखान्याच्या भाषेत, तिचा भाग तिच्या ड्रॉइंगप्रमाणे बिनचूक होता, मी तो माझ्या ड्रॉइंगवर ठेवून नापास करत होतो. आणि ते विचारायची बुद्धी मला सहा आठवड्यांत एकदाही झाली नव्हती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढणारा मी, माझ्या डोळ्यात मुसळ होतं.

"पट आहे का?" मी विचारलं.

तिच्या डब्याच्या पिशवीत होता. पुठ्ठ्याचा, घडीचा. जेवणाच्या सुट्टीत आम्ही गठ्ठ्यावर मांडला, तिच्या वडिलांच्या नियमानं. एकोणीस खेळ्यांत तिनं मला संपवलं. माझ्या प्रत्येक सोंगटीखालचा आधार ती असा अलगद काढून घेत गेली की, मला वाटत होतं सगळं जागच्या जागी आहे आणि खाली काहीच उरलं नव्हतं. मी दुसरा डाव मागितला. तोही हरलो. प्रेमा सहा साड्या घेऊन मागे उभी होती. "साठी बुद्धी नाठी," ती म्हणाली, "पण आज कान लाल नाहीत, आश्चर्य आहे."

तेव्हापासून दर गुरुवारी मी चिकपेटला जायला लागलो. मी तिला आमचा डाव शिकवत होतो, असं मी मंडळात सांगे. खरं म्हणजे मी तिचा शिकत होतो.

पण कारण कळलं म्हणजे रोग गेला असं थोडंच असतं? सातव्या रविवारी ती माझ्याआधी येऊन बसली होती, समोरच्या माणसाच्या खुर्चीत. पटाकडे तिकडून बघत. "उलट्या बाजूनं बगतो," म्हणाली. डाव सुरू झाला तेव्हा ती आपल्या जागी आली, पण प्रत्येक चालीआधी तिनं एक नवीन गोष्ट केली. पदराचं टोक उजव्या हाताच्या चिमटीत धरायचं, उलटं करायचं, आणि तेवढा वेळ पट समोरच्याच्या खुर्चीतून बघायचा. त्याची प्रत्येक सोंगटी कुठवर पोचते, एकामागून एक. पदर सुलटा केला की मग चाल. त्या दिवशी दोनदा तिचा हात वजिराकडे गेला आणि पदर उलटा झाल्यावर मागे आला. तिनं दोन्ही वेळा वजीर वाचवला. आणि घड्याळात वेळ संपून हरली.

त्या दिवशी ती जिन्यात बसून रडली. मोठ्यानं नाही, पदर तोंडाला लावून. मी बाजूला उभा राहिलो. लोकांना नापास करायची मला सवय, धीर द्यायची नाही. शेवटी म्हणालो, "वजीर शाबूत होता आज." ती नाक पुसत म्हणाली, "व्हय. ते झालं खरं."

आठव्या रविवारी जुनी चूक परत झाली. घाई करायला गेली, पदर धरायचा राहिला, हत्ती गेला. मला वाटलं, आता ही येणार नाही. मी तिच्या जागी असतो तर पट जाळला असता. पण गुरुवारी दुकानात गेलो तर ही साडी बघताना पुटपुटत होती. प्रत्येक साडी उलटी करताना मनातल्या मनात एक पट उलटा. दिवसाला दीडशे साड्या, दीडशे वेळा. "हाताला लागलं की डोळ्याला लागंल," ती म्हणाली. त्या बाईकडे बघून मला माझीच लाज वाटली. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या, स्वतःची एक सवय बदलायला कधी एवढी मेहनत घेतली नाही. कान अजून तसेच तापतात.

नवव्या रविवारी ती जिंकली. दहाव्याला हरली, पण सरळ हरली, समोरचा चांगला खेळला म्हणून, आणि त्याचाही तिला आनंद झाला. अकराव्याला परत जिंकली. आता पदर उलटा करायला तिला डोळा मिटायचाही वेळ लागत नव्हता. दोन गुण झाले. एक रविवार उरला. तिसरा गुण मिळाला तर खुर्ची राहणार, नाहीतर बरोबरी होऊनही उपयोग नव्हता.

शेवटच्या रविवारी कोण कुणाशी खेळणार याच्या चिठ्ठ्या मीच काढतो. तिच्या नावासमोर माझं नाव निघालं.

सुहास बाजूलाच होता. हसला. "काका, चिल. मस्त झालं. देऊन टाका ना तिला हा डाव. तुम्हाला काय फरक पडतो?"

"असलं काही बोलायचं नाही," मी म्हणालो. पण वळलो तर तानक्का दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं. ती येऊन समोर बसली, आणि सोंगट्या मांडताना माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

मी ठरवलं, जीव तोडून खेळायचं. तिला दया दाखवायची म्हणजे त्या दीडशे साड्यांवर थुंकायचं. तसाच खेळलो. पंधरा खेळ्यांत मी एका प्याद्यानं पुढे गेलो. तिचा राजा कोपऱ्यात अडचणीत होता. मला फक्त वजीर मध्यात आणायचा होता. एक घर मला फार आवडलं. मागे माझा घोडा पक्का उभा होता. वजीर उचलला, तिथं ठेवला, हात सोडला, घड्याळ दाबलं.

तानक्कानं पदर धरला. उलटा केला. आणि तिचा हात तसाच थांबला.

एरवी क्षणभर लागायचा, आज मिनिट झालं तरी पदर उलटाच. ती माझ्या वजिराकडे बघत होती, मग पटाच्या दुसऱ्या टोकाला, स्वतःच्या उंटाकडे. मी तिच्या नजरेमागे गेलो. उंटापासून वजिरापर्यंतची तिरकी रांग सबंध मोकळी होती.

माझा वजीर जोरात होता. एवढंच मी बघितलं होतं. सहा गुरुवार त्या गठ्ठ्यांवर बसून मी तिच्या वडिलांचा डाव खेळलो होतो, आणि तिचा डोळा सुधारता सुधारता माझा बिघडला होता. पन्नास वर्षं खेळतो आहे मी. असा वजीर कधी दिला नव्हता. कानशिलं पेटली.

तानक्का पुढे वाकली. हळूच म्हणाली, "अण्णा, ही भीक असंल तर मला नको. मी खुर्ची सोडतो."

"खेळताना बोलायचं नाही," मी ओरडलो. पंधरा पटांवरची डोकी वर झाली. "नियम भिंतीवर लावलाय. वाचता येत नाही का? चाल करा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग तिच्या तोंडावर हसू आलं, जे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. तिनं पदर सुलटा केला, उंट उचलला आणि माझा वजीर घेतला.

मी डाव सोडला नाही. सोडला असता तर मी वजीर मुद्दाम दिला अशी सगळ्यांना खात्रीच झाली असती. घोड्यानं तिचा उंट मारला आणि उरलेल्या सोंगट्यांनिशी मी जे जे येत होतं ते सगळं केलं. सापळे लावले. घोडा पुढे घालून दोनदा तिच्या वजिरावर डाव धरला. एकदा तर तिचा हत्ती नेमका प्याद्याच्या जोरात असताना मी त्याच्यावर उंट रोखला. दोन महिन्यांपूर्वी तिनं तो तिथंच ठेवला असता. पदर उलटा झाला, पदर सुलटा झाला, हत्ती बाजूला सरकला. दर चालीला. एकही चाल तिनं पदराला हात लावल्याशिवाय केली नाही. बाकीचे डाव संपले, लोक आमच्याभोवती जमले. बेचाळिसाव्या खेळीला तिनं माझ्या राजावर मात केली, आणि घड्याळ दाबायची गरज नसताना तेही दाबलं.

मी उभा राहिलो, हात पुढे केला. माझ्यापेक्षा चांगल्या माणसाकडून मी हरलो होतो, आणि ते मला मनापासून पटलं होतं. तिनं दोन्ही हातांनी माझा हात धरला.

सुहासनं माझ्या पाठीवर थाप मारली. "काका, क्लास. काय सफाईनं दिलात वजीर."

"मी दिला नाही," मी म्हणालो. "मी चुकलो."

मंडळात हे शब्द माझ्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. म्हणूनच बहुधा कुणाचा विश्वास बसला नाही. सगळे कौतुकानं हसत होते. दामूअण्णा वरून तापट, आतून लोणी, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. मी पुन्हा सांगायला गेलो तसे ते आणखी हसले. मला स्वतःची चिंता नव्हती. तिचा तिसरा गुण, जो तिनं दीडशे-दीडशे साड्या उलट्या करून कमावला होता, तो या लोकांनी माझ्या खिशात घातला होता.

तानक्का शांतपणे सोंगट्या डब्यात भरत होती. "हसू द्या त्यांना," ती म्हणाली. "मला ठाऊक हाय, तुमी खरंच चुकला."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"तुमचे कान, अण्णा." तिनं माझा वजीर डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. "त्या दिवशी मला बोलला तवा जसे झाले हुते, तसेच झाले. दान करणाऱ्या माणसाचे कान लाल हुत न्हाईत."

मी कानाला हात लावून पाहिला. अजून गरम होता. सहासष्ट वर्षांत त्या कानांनी माझी फजितीच केली होती. आज पहिल्यांदा त्यांनी कुणाची तरी साक्ष दिली होती, आणि ती एका माणसाला पुरली होती.

तिनं पिशवी उचलली. जिन्याच्या तोंडाशी वळून म्हणाली, "गुरुवारी येताय न्हवं? आता तुमचा डोळा सुधारायचा हाय."